नुसत्या छायाचित्रावर नोंद नको

‘दुर्मीळ वटवट्याची नोंद’ ही रविवारच्या अंकातील बातमी वाचली. झुडपात दिसलेला पक्षी बोरू वटवट्यांपैकी (झुडपांत वावरणाऱ्या छोट्या पक्ष्यांपैकी) एका दुर्मीळ जातीचाच, असे तीत एका छायाचित्रावरून म्हटले आहे. आनंद झाला, पण इतका ठाम निष्कर्ष काढणे घाईचे वाटते. बोरू वटवट्यांच्या जातींत रंग जवळपास सारखाच. सकाळच्या उन्हात तपकिरी दिसणारा पक्षी सावलीत चक्क हिरवट दिसतो. खरा फरक असतो तो चोचीची लांबी, मिटलेल्या पंखाबाहेर आलेली पिसांची टोके आणि मुख्य म्हणजे आवाज यांत. बातमीत आवाजाचा उल्लेखच नाही. मोबाइलवर दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रण केले असते, तरी पुष्कळ उलगडा झाला असता.

मोठ्या चोचीच्या बोरू वटवट्याचे उदाहरण बोलके आहे. १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात त्याचा एक नमुना मिळाला. पुढे थेट २००६ मध्ये थायलंडमध्ये जिवंत पक्षी हाती लागला, आणि तोही पिसांच्या डीएनए तपासणीनंतरच पक्का झाला. त्यानंतर संग्रहालयातील जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा ब्लिथचा बोरू वटवट्या या दुसऱ्या जातीची चिठ्ठी लावलेला एक नमुना याच जातीचा निघाला. पक्षी हातात असूनही तज्ज्ञ चकले, मग झुडपात क्षणभर दिसलेल्याचे काय!

निरीक्षकाने पक्षी ओळखण्याचे पुस्तक उघडण्याआधी जागेवरच काही टिपणे केली असतील, तर तीही छापावीत. तोवर ही नोंद ‘संभाव्य’ म्हणूनच राहू द्यावी.

– एक पक्षीनिरीक्षक