आवाहन : कृष्णेच्या खोऱ्याचा नकाशा पुन्हा उभा करायचा आहे

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाचा उठावाचा नकाशा, म्हणजे डोंगर-दऱ्या उंचसखल करून दाखवणारा, वाळवीने खाल्ला, हे वाईत एव्हाना बहुतेकांना कळलं आहे. मागच्या पावसाळ्यात माडीवरच्या भिंतीला ओल आली, कपाट हलवायला घेतलं, तेव्हा पाचगणीचं पठार हातात आलं ते भुगा होऊनच. धोमपासून खाली वाईपर्यंतचा तुकडा शाबूत आहे. बाकी काही उरलं नाही.

नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. हा नकाशा आपल्या गुरुजींनी निवृत्तीनंतर दोन उन्हाळे खपून केला होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या (एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर) नकाशावरून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, उतरवायच्या, दर शंभर मीटरला पुठ्ठ्याचा थर कापायचा, वरून कागदाचा लगदा. या प्रमाणात महाबळेश्वरची अख्खी उंची जेमतेम तीन सेंटिमीटर भरत होती, म्हणून उंची तेवढी दुप्पट धरली. हे खरं प्रमाण नव्हे, असं ते प्रत्येक वर्गाला आधी बजावून सांगायचे. लगद्यासाठी रविवार पेठेतल्या घराघरांतून रद्दी आली. फळी वखारवाल्या काकांनी दिली आणि पैसे काढले तर रागावले. रंगकाम चित्रकलेच्या बाईंचं, तेही रोज शाळा सुटल्यावर. सावित्रीच्या दरीचा गडद हिरवा जमेपर्यंत त्यांनी तीनदा खरवडून काढला. या सगळ्यांचं ऋण मंडळ विसरलेलं नाही.

या नकाशावर तिसरीतली मुलगी जुन्या महाबळेश्वरच्या डोंगरधारेवर लोट्याने पाणी ओतायची. निम्मं पाणी पश्चिमेला सावित्रीत, निम्मं पूर्वेला कृष्णेत. ‘माझं पाणी कुठल्या समुद्रात गेलं?’ असा आरडाओरडा व्हायचा. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास, तरी कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. जलविभाजक, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणारी डोंगरधार, हा शब्द मुलांना सहावी-सातवीत पुस्तकात भेटतो. आपल्या मुलांची त्याआधी चड्डी भिजलेली असायची.

आणि हे फक्त लहानांपुरतं नव्हतं. आठवी-नववीची मुलं याच फळीवर दोरा धरून छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यावर दिसेल ती चढ-उताराची रेघ, काढायला शिकली. दहावीला पुस्तकात भारत आणि ब्राझील आहे, ४० गुणांचा पेपर आहे. ॲमेझॉनची माहिती मुलं घडाघडा सांगतात, पण घाटापुढून वाहणारी नदी धोमच्या वर कुठून येते हे विचारलं की एकमेकांकडे बघतात. मंडळ चालतं ते एवढ्यासाठी. २०२० साली करोनामुळे दहावीचा नेमका भूगोलाचाच पेपर रद्द झाला, तेव्हा ‘बरं झालं, सुटलो’ म्हणणारे पालक या गावात होते. मी ऐकलं आहे.

पर्जन्यमापकाची वही मात्र मुलांनी नेमाने चालवली. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची वेळ तीच. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, हे आकडे पाठ करावे लागले नाहीत. त्यांनी स्वतःची वही शेजारी ठेवून पाहिले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सुट्टी असूनही, शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते ती, बघायला पोरं मैदानात जमतात. घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर का नाही, हे विचारायला शिकतात.

मागच्या वर्षी हेच आवाहन केलं होतं. ग्रुपवर अंगठे भरपूर आले. वाचनालयात पावती फाडायला सात जण आले, त्यातले दोघे नकाशाला रद्दी देणारेच जुने. गणपतीच्या वर्गणीला कोणी हात आखडत नाही, आखडूही नये, पण फळ्यावर नकाशा काढणाऱ्या बाईंना रंगीत खडूसुद्धा स्वतः आणावे लागतात याचं वाईट वाटतं. असो. ज्या सात जणांनी दिलं, त्यांची नावं वाचनालयाच्या फळ्यावर आहेत आणि राहतील.

आता हिशेब थोडक्यात, कारण शाळा १५ जूनला उघडतात. नवा नकाशा फायबरचा, वाळवी लागणार नाही असा, ३८,०००; पृथ्वीगोल आणि दोन पर्जन्यमापक १४,०००; जुनं महाबळेश्वर, पाचगणीचं जांभ्याचं पठार आणि धोम अशा तीन सहलींचा एसटी व खाऊखर्च १८,०००. एकूण ७०,०००. हाती ११,४०० आहेत. रोख किंवा चेक, वाचनालयात कोषाध्यक्षांकडे, संध्याकाळी सहा ते आठ, सोमवार बंद. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. पैसे जमत नसतील तर सहलीला मुलांबरोबर येणारी मोठी माणसं हवीत, चालणारी. कोणाच्या माळ्यावर जुने भिंतीवरचे नकाशे असतील तर फाटके असले तरी आणा, मागून कापड लावून घेऊ. पुण्या-मुंबईला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना हे कृपया पाठवावं.

साच्यासाठी सुताराला आगाऊ रक्कम द्यायची आहे. ती दिल्याशिवाय तो फळीला करवत लावणार नाही, आणि त्याचंही बरोबरच आहे.

आपला,
सचिव
(मंडळाच्या वतीने)