कॉलेज सोडायच्या आधी थील पूर्ण वाचा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

माझ्या भाच्यानं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सोडायचं ठरवलंय. मोबाईलवर पीटर थील या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूकदाराचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात एकच बसलंय की गर्दी जिकडं जाते त्याच्या उलट जायचं, आणि लातुरात सगळी गर्दी क्लासच्या दारात, मग आपण बाहेर पडायचं. बहीण दोन दिवस नीट जेवली नाही. असे पोरं आता लई घरात आहेत म्हणून लिहितोय.

थील कॉलेज सोडायला पैसे देतो हे खरंय. 2011 पासून त्याची फेलोशिप चालू आहे, निवडलेल्या थोड्याच पोरांना सुरुवातीला 1 लाख डॉलर, आता 2 लाख, आणि दोन वर्षं द्यायची, शिक्षण बाजूला ठेवून स्वतःचं काहीतरी उभं करायचं. पण तो स्वतः स्टॅनफोर्डला तत्त्वज्ञान शिकला, नंतर तिथंच वकिलीपण पूर्ण केली, हे भाच्याला माहीतच नव्हतं.

स्टॅनफोर्डलाच रेने जिरार्ड नावाचे प्राध्यापक होते, त्यांचं म्हणणं असं की शेजाऱ्याला काय पाहिजे ते बघून माणूस स्वतःसाठी मागतो. थीलनं ते मनात पक्कं धरलं. 2004 साली फेसबुक म्हणजे फक्त कॉलेजच्या पोरांची साईट, तेव्हा एकाचं बघून दुसरा येणारच असं धरून यानं 5 लाख डॉलर टाकून 10 टक्के वाटा घेतला, पुढं त्याचे 100 कोटी डॉलरच्या वर झाले.

जिरार्डचं म्हणणं मला मोंढ्यात, म्हणजे आमच्या शेतमालाच्या बाजारात, पटलं. 2021 ला सोयाबीन क्विंटलला 10 हजारावर गेलं आणि तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला, पुढच्या उन्हाळ्यात 7 हजार मिळत होते तरी गावात कुणी पोतं हलवेना, शेजाऱ्यानं ठेवलंय ना मग आपणपण ठेवू. आमचे वडील आडत्याकडं दोन सकाळी जाऊन बसले, कुणाच्या गोदामात किती माल पडलाय ते विचारलं आणि सगळा माल काट्यावर घातला. लोक म्हणले म्हाताऱ्याला घाई झाली. पुढं भाव 5 हजारावर आला. वडलांनी कुणाच्या उलट जायचं म्हणून विकलं नव्हतं, चौकशी केली म्हणून विकलं, आणि मला वाटतं फरक इथंच आहे. उलट जायचं म्हणून उलट जाणारापण गर्दीकडंच बघत असतो.

आणि थीलपण चुकतो. 2006 ला याहू फेसबुकला 100 कोटी डॉलर देत होती तेव्हा त्याचं मत विकावं असंच होतं, फेसबुक काढणाऱ्या झुकेरबर्गनं ऐकलं नाही. 2012 ला शेअर पडलेला असताना त्यानं बहुतेक शेअर विकून टाकले, नंतर तो शेअर कितीतरी पट झाला. 2008 नंतर त्याचा हेज फंड, म्हणजे बड्या लोकांचे पैसे गुंतवणारा फंड, इतका घसरला की बहुतेकांनी पैसे काढून घेतले. एवढं सोसून तो उभा राहिला कारण मागं पैसा होता. आमच्या भाच्यामागं चार एकर कोरडवाहू आणि सोसायटीचं कर्ज आहे.

साहेब, तुमच्या पुरवणीत अशा माणसांवर लेख येतात, पोरं ते कापून ठेवतात. त्यात त्यांचे तोटेपण छापा, शिक्षणपण छापा, हात जोडून विनंती आहे.

भाच्याला शेतमालाच्या भावाचं ॲप काढायचंय. कल्पना चांगली वाटते मला. पण मोंढ्यात सौदा होताना कधी उभा राहिलास का विचारलं तर गप्प बसला. सोमवारी सकाळी त्याला वडलांसोबत आडतीवर पाठवतोय, कॉलेजचा विषय त्याच्यानंतर.

आपला एक वाचक,
औसा, जि. लातूर