युद्धकालीन विमानांच्या उड्डाणांबाबत सदस्यांना स्मरणपत्र

येत्या रविवारी दुसऱ्या महायुद्धातील विमानांची उड्डाणे पाहण्यास येणाऱ्या सदस्यांनी इंजिने सुरू होण्यापूर्वीच धावपट्टीलगतच्या कुंपणापाशी पोहोचावे, ही आग्रहाची विनंती. कारण २७ लिटर क्षमतेचे, १२ सिलिंडरांचे मर्लिन इंजिन धूर ओकत धडधडू लागते, तो क्षण प्रत्यक्ष उड्डाणाइतकाच रोमांचक असतो. १९३६ मध्ये प्रथम झेपावलेले स्पिटफायर हे लढाऊ विमान डोक्यावरून वळताना त्याच्या पंखांची लंबवर्तुळाकार ठेवण अवश्य न्याहाळावी. अशी चार मर्लिन इंजिने एकत्र ऐकायची असतील, तर लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाला पर्याय नाही. सात हजारांहून अधिक बांधलेल्या या विमानांपैकी उड्डाणासाठी जतन केलेली केवळ दोनच, एक ब्रिटनमध्ये आणि दुसरे कॅनडात आहे. जोराच्या वाऱ्यात ही जुनी विमाने उडवली जात नाहीत, याची नोंद घ्यावी. ड्रोन आणू नयेत.