पोस्टिंग बदललंय, धावणं चालू आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पत्रांच्या पानावर मी सैन्यातली नोकरी आणि लांब पल्ल्याचं धावणं यावर थोडं लिहिलं होतं, त्यानंतर ओळखीच्या आणि अनोळखी बऱ्याच वाचकांनी निरोप पाठवून विचारलं की सध्या काय चाललंय, पळणं चालू आहे का, मुलगी केवढी झाली. प्रत्येकाला वेगळं लिहिणं ड्यूटीमुळे जमत नाही म्हणून हे सगळ्यांसाठीच लिहितोय, आणि शेवटी तुम्हाला एक विनंती पण आहे.

तर पहिली बातमी म्हणजे पोस्टिंग बदललंय. यावेळी उंचावर आलोय, नेमकं कुठे ते लिहीत नाही, वाचक समजून घेतील. याच कारणाने घड्याळातला मॅप पण बंद करून टाकलाय आणि पळण्याच्या सगळ्या ॲप्समधून बाहेर पडलोय. काही मित्रांना हे जरा जास्तच वाटतं, पण 2018 च्या जानेवारीत काय झालं होतं ते आठवा. स्ट्राव्हा या ॲपने जगभरच्या धावणाऱ्यांच्या रस्त्यांचा एक चमकणारा नकाशा आधीच्या नोव्हेंबरमध्ये टाकला होता, तो एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने नीट बघितला आणि त्याच्या लक्षात आलं की वाळवंटात, जिथे काहीच नसायला पाहिजे, तिथे सैनिकांच्या रोजच्या पळण्याच्या रेघा दिसतायत, म्हणजे तळ कुठे आहे आणि आतले रस्ते कसे आहेत ते सगळ्या जगाला उघडं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेच्या भागात लोकेशन दाखवणारी उपकरणं वापरायला बंदी घातली. आपण सकाळी तासभर पळतो त्यात कोणाचं काय बिघडणार असं वाटतं, पण एकाच वाटेवर रोज एकाच वेळी पळणारी माणसं ही सुद्धा माहितीच असते. म्हणून आता माझ्याकडे साधं स्टॉपवॉच आहे आणि एक वही आहे, त्यात किती मिनिटं पळालो, झोप किती झाली आणि सकाळी उठल्या उठल्या नाडी किती होती एवढंच लिहितो.

खरं सांगू का, त्याने माझं धावणं सुधारलं. उंचावर पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती वेळ लागला ते, बघत पळण्यात काही अर्थच नसतो. हवेत ऑक्सिजन इथेही 21 टक्केच आहे पण हवेचा दाब कमी, साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच राहतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात कमी पडतं आणि खाली जो वेग आरामाचा वाटायचा तो इथे दम काढतो. शरीर मग किडनीतून एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं, लाल पेशी वाढायला लागतात, पण त्याला आठवडे लागतात, जिद्द करून ते लवकर होत नाही. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी ऑलिंपिकचे जुने निकाल काढून बघावेत. 1964 ला टोकियोत 10,000 मीटर बिली मिल्सने 28 मिनिटं 24 सेकंदात जिंकली (हा अमेरिकन मरीन्सचा अधिकारी, त्याचं नाव शर्यतीआधी कोणाच्या तोंडात पण नव्हतं) आणि चारच वर्षांनी मेक्सिको सिटीत, 2,240 मीटर उंचीवर, तीच शर्यत जिंकायला 29 मिनिटं 27 सेकंद पुरले. जगातले सगळ्यात भारी धावपटू एका मिनिटाने मागे पडले तर तुम्हीआम्ही कोण. आल्यावर पहिले काही दिवस मी नुसताच चाललो, मग चालणं-पळणं मिसळून, आणि आता कुठे सलग तासाभराचा इझी रन जमायला लागलाय, शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील एवढ्याच वेगात. बोलताना वाक्य तुटलं की वेग कमी करायचा, त्याला घड्याळ लागत नाही.

दुसरी बातमी. इथे ड्यूटी सोडून नवीन पोरांच्या फिटनेसकडे बघायचं काम पण माझ्याकडे आलंय, म्हणजे मुख्य उस्ताद दुसरेच आहेत पण पळण्याचं मी बघतो. आणि हे काम मला फार आवडतंय. पोरं भन्नाट आहेत, अंगात रग आहे, बराकीत फोनवर अविनाश साबळेची 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ गेम्समधली शर्यत परत परत बघतात, ती स्टीपलचेस (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) ज्यात तो 8:11.20 मध्ये आला आणि गोल्ड फक्त 5 शतांश सेकंदानी हुकलं. महार रेजिमेंटचा माणूस, सियाचीनला ड्यूटी केलेला, मग पळायला लागलेला, त्यामुळे पोरांना तो आपल्यातलाच वाटतो. अडचण अशी की ते त्याच्यासारखं शेवटचा लॅप पळायला बघतात, त्याच्या आधीची वर्षं कोणाला दिसत नाहीत. सैन्यात पळणं म्हणजे टेस्ट, टेस्ट म्हणजे मैल-दीड मैल जीव खाऊन पळायचं, आणि मग पोरं रोजच टेस्ट देतात. सकाळी फुल स्पीड, संध्याकाळी परत फुल स्पीड, वर ड्रिल आणि पिट्टू (पाठीवरची जड बॅग) घेऊन मार्च वेगळाच. काही आठवड्यात नडगी धरून एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, बाहेर बसलेली दिसतात.

यात नवीन काही नाही बघा. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या सैन्यातल्या डॉक्टरने मार्च करून सुजलेल्या आणि दुखणाऱ्या पायांबद्दल लिहून ठेवलंय, तेव्हा एक्स-रे नव्हता त्यामुळे आत काय झालंय ते दिसत नव्हतं, पुढे एक्स-रे आल्यावर कळलं की ते पंजाच्या हाडाला बारीक चीर गेलेली असते. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं झाली माहीत आहे आणि तरी प्रत्येक बॅचमध्ये तेच. कारण समजून घेतलं तर सोपं आहे. दम काही आठवड्यात वाढतो, हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडाला मात्र महिने लागतात. आणि हाडाची पद्धत अशी की नवीन भार आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवीन भरतं, घराची जुनी भिंत पाडून नवी बांधतात तसं, त्यामुळे मधल्या काळात ते पहिल्यापेक्षा कच्चं असतं. नेमकं त्याच काळात पोराला वाटत असतं की आता दम आलाय, आता वाढवू. तिथेच चीर जाते. आणि पोरं सांगत नाहीत, लपवतात, रडका म्हणतील म्हणून, घरी नाव जाईल म्हणून, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. मी रोज फॉलिनला, म्हणजे सगळे रांगेत उभे राहतात तेव्हा, एकच विचारतो, नडगीवर एका बोटाने दाबून बघा, एकाच जागी टोचल्यासारखं दुखतं का, रात्री पडल्यावर पण ठणकतं का. असेल तर पळणं बंद, सरळ डॉक्टरकडे. लांबवर पसरलेली दुखण असेल तर ती बहुतेक वेळा वेगळी असते आणि भार कमी केला की उतरते, पण एका बिंदूवरचं दुखणं अंगावर काढायचं नाही. सुरुवातीच्या दिवसात एक्स-रे साधा येतो बऱ्याचदा, म्हणून एक्स-रे क्लीन आहे म्हणजे काही नाही असं पण धरायचं नाही.

आता आठवड्यातले बहुतेक दिवस आम्ही हळू पळतो, एक दिवस जोरात, एक दिवस लांब, आणि पिट्टूवाला मार्च असेल त्या दिवशी वेगळं पळणं नाही. नाईट गार्ड करून आलेल्याला सकाळी पळवत नाही, आधी झोप. सुरुवातीला पोरांना वाटलं की हे काय म्हाताऱ्यासारखं पळवतायत. त्यांना मी अबेबे बिकिलाची गोष्ट सांगितली. इथिओपियाच्या सम्राटाच्या गार्डमधला सैनिक, 1960 ला रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकली हे सगळ्यांना माहीत असतं, मला मात्र त्याची 1964 ची टोकियोची मॅरेथॉन जास्त मोठी वाटते, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे पण झालेले नव्हते आणि हा माणूस 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदात 42.195 किलोमीटर पळून वर्ल्ड रेकॉर्ड करतो, आणि लाइन पार केल्यावर गवतावर आरामात स्ट्रेचिंग करत बसतो. ती ताकद ऑपरेशननंतरच्या त्या थोड्या आठवड्यात आलेली नव्हती, आधीच्या वर्षांची जमा होती. पुढे 1969 ला गाडीच्या अपघातात त्याच्या कमरेखालचं अंग गेलं, तर 1970 ला व्हीलचेअरवर बसून इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या स्पर्धेत धनुर्विद्येत उतरला. हे सांगितलं तेव्हा बराकीत कोणी बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हळू पळायला कुरकुर कमी झाली.

घरचं सांगायचं तर मुलगी शाळेत जायला लागली आणि बायको पळायला लागली! दुसरी गोष्ट मला जास्त अनपेक्षित होती. माझ्या बदल्यांमध्ये घर, शाळा, आईची औषधं सगळं तिच्यावर, तिला स्वतःचा म्हणून वेळच नव्हता, मग तिनेच ठरवलं की सकाळचा अर्धा तास माझा, कोणी हाक मारायची नाही. आधी चालली, मग पळाली, आता हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय. रविवारी आम्ही दोघं एकाच वेळी बाहेर पडतो, ती तिकडे मी इकडे, आणि नेटवर्क मिळालं की किती मिनिटं झाली ते एकमेकांना सांगतो. फोनवर फार बोलणं होत नाही, कधी कधी आठवडाभर होत नाही, त्यामुळे या एका तासाचं मोल मला किती आहे ते शब्दात सांगता येणार नाही. मुलगी सायकलवर आईच्या मागे असते आणि फोनवर मला रिपोर्ट देते, बाबा, आई चढावर चालली.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र आज लिहायला बसलो. माझी भाची भरतीची तयारी करतेय. मामा सैन्यात आहे म्हणून नव्हे, तिला स्वतःला जायचंय, आणि मला तिचा फार अभिमान आहे. ती जिथे तयारी करते तिथे रोज टायमिंग घेतात, रोज फुल स्पीड, आणि वजन कमी ठेव म्हणून खाणं पण कमी करायला सांगितलं. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, मामा नडगी दुखते पण सुट्टी घेतली तर मागे पडेन. मी एका बोटाने दाबायला सांगितलं, नेमकी एकाच जागी दुखत होती. सुदैवाने लवकर दाखवलं, एमआरआयमध्ये हाडाला सूज निघाली, चीर अजून गेली नव्हती. आता पळणं बंद आहे, डॉक्टरांच्या परवानगीने पोहते, आणि पोटभर जेवते. मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, आणि त्यात खाणं कमी पडलं, पाळी अनियमित झाली की हाड आणखी कच्चं होतं, हे तिला तिथे कोणीही सांगितलेलं नव्हतं. ऐकून मला राग आला.

तर विनंती अशी. भरतीचे दिवस आले की तुम्ही तयारीचं पान काढता, त्यात प्रश्नसंच असतात, उंची-छातीची मापं असतात, धावण्याची वेळ असते. त्या पानावर एखाद्या हाडांच्या किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडून अर्धा कॉलम लिहून घ्या, की तयारी निदान सहा-आठ महिने आधी सुरू करा, बहुतेक दिवस बोलता येईल एवढ्याच वेगात पळा, जोरात आठवड्यातून एक-दोनदाच, पोटभर खा, झोपा, आणि एका जागी दुखलं तर थांबा. आणि मुलींसाठी पाळीचं स्पष्ट लिहा, आडून आडून नको. गावोगाव पोरं पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर एकटी पळतायत, त्यांना विचारायला कोणी नाही, तुमचा पेपर मात्र त्यांच्या हातात असतो.

बायकोच्या हाफ मॅरेथॉनच्या वेळेला सुट्टीचा अर्ज टाकलाय. मिळाली तर तिच्या वेगाने तिच्यासोबत पळणार, नाही मिळाली तर त्याच वेळी इथे पळेन. भाचीला डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात परत बोलावलंय, तेव्हा चालणं-पळणं कधी सुरू करायचं ते ठरेल, या भरतीला जमलं नाही तर पुढच्या भरतीला ती जाईल, वय आहे तिच्याकडे. पुढचं पान निघायच्या आधी डॉक्टरांचं तेवढं बघा.

कृपया नाव छापू नये.

आपला,
एक सैनिक वाचक