न्यायाधीशांच्या शेजारी दोन नागरिक बसू द्या : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात फौजदारी वकिली करते. सत्र खटल्यांत, म्हणजे खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत, सामान्य नागरिकाला पुन्हा न्यायासनावर जागा द्यावी आणि त्याची सुरुवात महाराष्ट्राने करावी, ही मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे.

ज्यूरी, म्हणजे दोषी की निर्दोष याचा कौल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, म्हटले की आपल्याकडे लगेच नानावटी खटल्याचे नाव निघते. लोकांनी वर्तमानपत्रे वाचून, भावनेच्या भरात खुन्याला सोडले आणि म्हणून ज्यूरी गेली, असे सांगितले जाते. कायद्याच्या वर्गातसुद्धा मी हेच ऐकले होते. निकालपत्रे वाचली की चित्र बदलते. 27 एप्रिल 1959 ला नौदल अधिकारी कावस नानावटींच्या गोळीने त्यांच्या पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा मारले गेले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले, हे खरे. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने रान उठवले होते, हेही खरे. पण त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 307 होते. ज्यूरीचा कौल कोणाही समंजस माणसाला पटणार नाही असे वाटले, तर सत्र न्यायाधीश प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत. न्यायाधीश मेहतांनी तेच केले. उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी धरून जन्मठेप दिली आणि 24 नोव्हेंबर 1961 ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे ज्यूरीची चूक दुरुस्त करण्याची सोय कायद्यात होती आणि ती चाललीही. 1964 मध्ये नानावटी सुटले ते राज्यपालांनी दिलेल्या माफीमुळे. त्याचे खापर ज्यूरीवर का फोडायचे?

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. गोळी अपघाताने सुटली असा बचाव असेल, तर तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. हे ज्यूरीला नीट समजावून सांगितलेच गेले नाही, असे वरच्या न्यायालयांनी म्हटले आहे. त्या नऊ जणांना कायदा सांगण्याचे काम न्यायाधीशांचे होते. सांगण्यातच त्रुटी राहिली असेल, तर ऐकणाऱ्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. नानावटींचा खटला हा देशातला शेवटचा ज्यूरी खटला, हा समजही चुकीचा आहे. काही ठिकाणी ज्यूरी त्यानंतरही बसत होती. 1973 ची संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली, तेव्हा ती पुरती गेली.

आपल्या मनात ज्यूरीबद्दल दुसरी अढी आहे ती लोकमान्यांची. तिला मी हलके लेखत नाही. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपियनांनी त्यांना दोषी आणि तीन हिंदींनी निर्दोष ठरवले. 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारने खास यादीतून निवडलेली ज्यूरी मागितली आणि टिळकांच्या बाजूने झालेला विरोध डावलून ती दिली गेली. त्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. लेख ‘केसरी’तले, मराठी. ते समजून घ्यायला या गोऱ्यांजवळ इंग्रजी भाषांतरापलीकडे काही नव्हते. 22 जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ज्यूरीने दोषी ठरवले तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचे उद्गार आज मुंबई उच्च न्यायालयात शिलालेखावर आहेत. मला यातून दिसते ते असे की तिथे लोक बसलेच नव्हते. पुण्याच्या बाजारपेठेतून चिठ्ठी टाकून नऊ माणसे उचलली असती, तर त्या रात्री काय कौल आला असता, हे सरकारला चांगले ठाऊक होते. म्हणून तर खास यादी लागली.

आता आजचे सांगते. आमच्या न्यायालयात सामान्य माणूस येतो तो पंच म्हणून, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यावर सही केलेला साक्षीदार म्हणून. पोलिसांनी त्याला चहाच्या टपरीवरून किंवा रिक्षा स्टँडवरून बोलावलेले असते. पाच-सहा वर्षांनी समन्स येते. हजेरी बुडवून, एसटीने तो येतो आणि दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा राहतो. पिंजऱ्यात गेल्यावर त्याच्यासमोर लाखेचे सील असलेले पाकीट फोडतात. आतून गंजलेला कोयता निघतो. “हाच का?” तो कोयत्याकडे पाहतो, मग सरकारी वकिलांकडे. “सही माझी आहे साहेब. आत काय लिहिलंय ते मला वाचून दाखवलं नव्हतं.” सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात. तो खाली उतरतो तेव्हा त्याची मान खाली असते. न्यायव्यवस्थेने नागरिकासाठी ठेवलेली जागा ही एवढीच आहे. त्याच माणसाला चार दिवस मानाने बसवून “तुला काय पटले ते सांग” असे विचारले असते, तर तो किती बारकाईने ऐकतो हे दिसले असते. पक्षकारांशी रोज बोलताना मला ते दिसते. कोण खरे बोलतो, कोण पढवलेला आहे, हे गावातल्या शेतमजूर बाईला पटकन कळते.

वेळेचा मुद्दा तर माझ्या मते सर्वांत मोठा आहे. आहुजा खून एप्रिलमध्ये झाला आणि ज्यूरीचा कौल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. टिळकांचा 1908 चा खटला 13 जुलैला सुरू होऊन 22 जुलैला संपला. कामधंदा सोडून आलेली माणसे समोर बसलेली असताना तारीख मागायला वकिलाला तोंड राहत नाही. साक्षी सुरू झाल्या की दररोज चालवाव्यात, असे कायदा आजही सांगतो. जुन्या संहितेत ते कलम 309 होते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 346 आहे. होत मात्र नाही. कच्चा कैदी वर्षानुवर्षे आत राहतो आणि मयताची आई दर तारखेला बाकावर येऊन बसते. मध्येच न्यायाधीशांची बदली होते. साक्षीदाराचा चेहरा एका न्यायाधीशांनी पाहिलेला असतो, निकाल दुसरे लिहितात. नागरिक शेजारी असतील तर खटला सलग चालवावाच लागेल.

जुनी ज्यूरी जशीच्या तशी आणा, असे मी म्हणत नाही. नऊ माणसांनी बंद दाराआड बसून एका शब्दात कौल द्यावा आणि कारण सांगू नये, हे आज चालणार नाही. जर्मनीत अनेक फौजदारी खटल्यांत न्यायाधीशांबरोबर दोन नागरिक बसतात. जपानने 2009 पासून गंभीर गुन्ह्यांसाठी तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक अशी रचना केली आहे. आपल्याकडेही जिल्ह्यांत असेसर, म्हणजे न्यायाधीशांना मत देणारे नागरिक, असत, पण त्यांचे मत न्यायाधीशांवर बंधनकारक नव्हते. त्यामुळे ते शोभेपुरते उरले आणि 1955 मध्ये गेले. म्हणून मत द्यायचे तर खरे द्या. एक सत्र न्यायाधीश आणि मतदार यादीतून, संपूर्ण जिल्ह्यातून चिठ्ठीने निवडलेले दोन नागरिक. कायद्याचा प्रश्न आणि शिक्षा न्यायाधीशांकडे, घडले काय याचा निर्णय तिघांकडे. दोषी ठरवायचे असेल तर न्यायाधीश आणि किमान एक नागरिक यांचे एकमत हवे. कारणे लेखी, मराठीत. अपील आजच्यासारखेच राहील.

यावर जातीचा प्रश्न कोणीतरी विचारेलच, आणि विचारलाच पाहिजे. जात पंचायतींनी माणसांना वाळीत टाकल्यामुळे याच राज्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. गावच्या चावडीवर खटले न्यावेत, असे मी कधीही म्हणणार नाही. म्हणूनच निवड जिल्हाभरातून हवी, दोन्ही बाजूंना हरकत घेण्याचा हक्क हवा आणि दोघांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे. ॲट्रॉसिटी कायद्याखालील आणि लैंगिक अत्याचाराचे खटले पहिल्या टप्प्यात यातून वगळावेत. दबावाची भीती मलाही आहे. तिच्यासाठी नावे खटला सुरू होण्याच्या दिवशीच काढावीत आणि मजुराला बुडालेल्या रोजाइतका भत्ता रोजच्या रोज मिळावा.

मुंबईत पारशी विवाहाच्या दाव्यांत आजही समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात आणि वस्तुस्थितीचा निर्णय त्यांच्या बहुमताने होतो. त्यावर त्या समाजातूनच आक्षेप आहेत, ते अभ्यासावेत. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तिच्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. राज्याने दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर एका जिल्ह्यात पाच वर्षे हा प्रयोग करता येईल.

माझी विनंती एवढीच आहे की एक मसुदा समिती नेमावी. तिच्यात निवृत्त सत्र न्यायाधीश आणि वकील असावेतच, पण पंच म्हणून पिंजऱ्यात उभी राहिलेली दोन माणसेही असावीत. प्रयोगासाठी सातारा जिल्हा घ्यावा. वकिलांच्या संघटनेतून विरोध होईल, माझ्याच मित्रांकडून होईल. मी त्या बैठकीत उभी राहून बाजू मांडेन, त्याआधी आपल्या खात्याचा मसुदा हातात हवा.

आपली,
एक फौजदारी वकील, सातारा