विनूस पत्र

सांगली

प्रिय विनू,

काल वहिनींशी फोनवर बोललो. पक्षाघातानंतर आता उजवा हात खांद्यापर्यंत उचलायला लागलास, ऐकून फार बरं वाटलं. पण फिजिओची वेळ झाली की तू भिंतीकडे तोंड करून पडतोस, 'आता काय राहिलंय' म्हणतोस, हेही त्यांनी सांगितलं. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

'खंबीर राहा' म्हणणारे तुला पुष्कळ भेटले असतील. मी तसं म्हणणार नाही. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला नैराश्य गाठतं. मेंदूला इजा झालेली, त्यात साध्या अंघोळीलाही दुसऱ्याचा हात धरावा लागतो. यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही. पुढच्या तपासणीला बीपीइतकंच हेही डॉक्टरांना सांग. तुझ्याने बोलवत नसेल तर वहिनींना बोलू दे.

टाळू नकोस, कारण मनाचा हाताशी संबंध आहे. मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही, पण उरलेले भाग त्याचं काही काम शिकून घेतात, आणि ते एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने. उमेद नसली की माणूस व्यायाम अर्ध्यावर सोडतो.

अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला ग्लेन ऑस्टिर आणि सहकाऱ्यांनी पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या ८२३ रुग्णांचा अभ्यास केला होता. २००८ साली तो छापून आला. पुनर्वसन केंद्रातून घरी जाताना रुग्णांना विचारलं होतं: पुढची आशा वाटते का, आनंद वाटतो का, जगण्यात गोडी आहे का, आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत असं वाटतं का? ज्यांना असं जास्त वाटत होतं, ते तीन महिन्यांनी रोजच्या कामांत अधिक सावरलेले दिसले. आनंदानेच ते सावरले, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण तो शेवटचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ओठ जरा वाकडा दिसतो म्हणून तू कट्ट्यावर येत नाहीस, जीभ अडखळते म्हणून आमचे फोन घेत नाहीस. अरे, आमच्या लेखी तू तसूभरही कमी झालेला नाहीस! अडखळत बोल, आम्ही थांबू की.

आणि गाणं बंद ठेवू नकोस. फिनलंडमध्ये हेलसिंकीला टेप्पो सार्कामो या संशोधकांनी पक्षाघाताच्या साठ रुग्णांवर प्रयोग केला. ज्यांनी दोन महिने रोज तासभर तरी आपल्या आवडीचं संगीत ऐकलं, त्यांची शब्दांची आठवण आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली, उदासीही कमी राहिली. तुझ्याकडे भीमसेनांच्या अभंगांच्या कॅसेटी आहेत, सकाळी व्यायामाआधी लाव. वहिनींना आवाज वाढवायला सांग.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. कॅरम काढून ठेव, स्ट्रायकर उजव्याच हाताने मारायचा. सोंगटी कुठेही जाऊ दे, मला घाई नाही, मुक्कामाला आहे.

वहिनींना नमस्कार. गोळ्या चुकवू नकोस.

तुझा,
सुधीर