म्बिरा झोपवत नाही, जागवतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला कलिंबावरचा, म्हणजे अंगठ्यांनी धातूच्या पट्ट्या छेडून वाजवायच्या छोट्या वाद्यावरचा लेख वाचला. ‘शांत झोपेसाठी आफ्रिकेचं प्राचीन आध्यात्मिक वाद्य’ ही ओळख काही पटली नाही. पट्ट्यांवर आकडे कोरलेला, सतरा पट्ट्यांचा जो कलिंबा हल्ली ऑनलाइन मिळतो, तो फार जुना नव्हे. ह्यू ट्रेसी या इंग्रज संगीत-अभ्यासकाने आफ्रिकेतली वाद्यं पाहून पाश्चात्त्य स्वरांत बसणारा कलिंबा घडवला आणि 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतून विक्रीला आणला. वाद्य गोड आहे, हौसेने वाजवावं. पण ज्या अध्यात्माच्या नावावर ते खपतं, ते झिंबाब्वेतल्या शोना लोकांच्या म्बिरा या त्याच जातीच्या वाद्याचं, आणि तिथे झोपेचं नावही नसतं.

त्यांचा ‘बिरा’ हा विधी रात्रभर चालतो. घरातलं दुखणं हटत नाही, पाऊस ओढ देतो, भाऊबंदकी विकोपाला जाते, तेव्हा मेलेल्या वाडवडिलांनाच विचारायचं. त्यासाठी धान्याची बिअर आंबवून ठेवतात. एक वादक चाल धरतो, दुसरा तिच्या फटींत आपले स्वर भरतो, ‘होशो’ म्हणजे बिया भरलेले भोपळ्याचे खुळखुळे ठेका धरतात आणि जमलेली मंडळी टाळ्या देत नाचतात, गातात. पूर्वजाला हयातीत आवडणाऱ्या चाली वाजवायच्या, म्हणजे तो ओळखून येतो. ‘स्विकिरो’च्या, म्हणजे माध्यम असलेल्या व्यक्तीच्या अंगात तो येईपर्यंत वादकांनी थांबायचं नाही!

मी मिरजेचा, त्यामुळे माझी नजर आधी म्बिराच्या भोपळ्यावर गेली. लाकडी फळीवर वीस-पंचवीस लोखंडी पट्ट्या, दोन अंगठे आणि उजवी तर्जनी एवढ्यावर वादन, आणि सगळं वाद्य मोठ्या पोकळ भोपळ्यात बसवलेलं. त्यावर शिंपले नाहीतर बाटल्यांची बुचं लावतात. प्रत्येक स्वराभोवती झणझण उठते; नवख्याला वाटावं, स्पीकर फाटलाय. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या आमच्या कारागिरांना मात्र तिचं मोल सांगावं लागणार नाही. बाजारी कलिंब्यात नेमकी तीच नसते.

या वाद्याने सोसलंही बरंच. मिशनऱ्यांनी त्याला सैतानाचं ठरवलं. नेहांडा या पूर्वज-शक्तीचं माध्यम असलेल्या चार्वे या बाईंना इंग्रज राजवटीने 1898 मध्ये फाशी दिलं. पुढे 1970च्या दशकात गायक थॉमस मापफुमो यांनी म्बिराच्या चाली इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या, स्वातंत्र्यलढ्याची गाणी केली आणि ऱ्होडेशियाच्या (म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या) तेव्हाच्या सरकारने त्यांना डांबलं. म्बिरा घडवण्या-वाजवण्याच्या कलेची युनेस्कोच्या वारसा यादीत मलावी आणि झिंबाब्वेच्या नावाने नोंद झाली ती 2020 मध्ये.

पुरवणीत जागा असेल तर स्टेला चिवेशे यांच्यावर जरूर लिहावं. बाईमाणसाला म्बिरा शिकवायला कोणी सहजी तयार नसे, त्या काळात त्या शिकल्या आणि हे वाद्य घेऊन युरोपच्या रंगमंचांवर गेल्या. जानेवारी 2023 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज सापडतात, झणझणीसकट.

– एक वाचक, मिरज